उजवं तिचं, डावं त्याचं

भिवापूरच्या पोरीला मिरचीनं फसवावं, म्हणजे हद्दच झाली! पण झालं तसंच.

माझं माहेर भिवापूरचं. आईची अर्धी जिंदगी मिरचीच्या सातऱ्यावर गेली. सातरा म्हणजे मोठं उघडं मैदान, त्यावर लाल मिरचीचे ढीग आणि ढिगाभोवती देठं खुडत बसलेल्या बाया. शाळा सुटली की मीही आईच्या बाजूला जाऊन बसायची. मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नाही, नाकाला लावायचा नाही, लेकराला तर लावायचाच नाही, हे मला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं. लग्न होऊन नागपूरला आले, तर इथल्या बाया वर्षाची मिरची खुडली की दोन दिवस हात फुंकत फिरायच्या. मी मनातल्या मनात हसायची. म्हणायची, शहरातल्या बायांचे हात, काय बोलायचं!

आम्ही अजनीला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. माझे मालक रेल्वेत फिटर होते. ही गोष्ट सत्तर सालानंतरची, माझी थोरली पोरगी सव्वा वर्षाची होती तेव्हाची. दोन खोल्या, मागं अंगण, आणि क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला मिळून एक नळ. तो नळ नेमका आमच्या आणि शेजारच्या क्वार्टराच्या मधोमध. त्यामुळे कोण कधी पाणी भरतं, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं आमच्या दारात बसून कळायचं.

शेजारी जुन्या नागपुरातल्या महाल भागातून आलेलं एक घर होतं. म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि चार-पाच महिन्यांचा नातू. घर सोवळ्याओवळ्याचं. त्यांच्या देवळीत बाळकृष्ण, आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. माझ्या सासऱ्यांनी छप्पनला दीक्षा घेतली होती, आणि ते साऱ्या लाइनीला माहीत होतं. म्हातारी कधी वाईट बोलली नाही, कधी भांडली नाही. फक्त माझी बालटी भरून झाली की मूठभर राख घ्यायची, नळाची तोटी घासायची, धुवायची आणि मग आपला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, खाली लावायची. रोज. माझ्या डोळ्यांदेखत. माझा स्वभाव असा की कोणी एक बोट दाखवलं तर मी पाच दाखवीन. मी मुद्दाम तिच्या आधी नंबर लावायची. म्हणायची, घास, रोज घास, पितळेची तोटी आहे, चमकू दे.

सून मात्र हसरी होती. माझ्याहून लहान. सासूची पाठ वळली की अंगणाच्या भिंतीवरून "ताई" म्हणून हाक मारायची. तिला दूध इतकं, की लेकरू पिऊन झोपी गेलं तरी ब्लाऊज ओलाच. जास्तीचं दूध ती तुळशीच्या मुळाशी पिळायची, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मी तिला चिडवायची, "तुमची तुळस पाहा कशी फोफावली! दुधावरची आहे." ती लाजून आत पळायची.

त्या वर्षी होळीच्या सुमारास माझ्या पोरीला गोवर निघाला. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, ताप उतरता उतरेना. गोवर गेला आणि हगवण लागली. गुबगुबीत पोर, पण महिन्याभरात अशी झाली की तिचे चांदीचे वाळे पायातून आपोआप गळून पडायचे. म्हशीचं दूध दिलं की उलटी. वरणाचं पाणी दिलं की तासाभरात बाहेर. फक्त माझं दूध पोटात राहायचं. रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बाई, बाकीचं हळूहळू सुरू करा, पण तुमचं दूध तोडू नका. सध्या लेकरू त्याच्यावरच आहे." मी कशाला तोडते? पोर चोवीस तास अंगाला चिकटलेली. मी चिडायची सुद्धा. म्हणायची, अवं, मला जेवू तरी देशील का नाही?

असं म्हणायला नको होतं असं काही मी म्हणणार नाही. आया असं म्हणतात. सगळ्याच म्हणतात.

चैत्रात आईनं गावाकडून मिरची पाठवली. पोतंभर, नेहमीसारखी. मी पोरीला आत झोपवलं, दार लोटलं आणि अंगणात खुडायला बसले. नाकावर पदर बांधला, हाताला गोडं तेल चोळलं. काम उरकल्यावर आईनं शिकवलं तसे आधी ताकानं हात धुतले, मग राखेनं, मग साबणानं. वास घेऊन पाहिला. मिरचीचं नाव नाही! एवढ्यात पोर रडत उठली. मी तिला मांडीवर घेतलं, अंगाशी लावलं, आणि उजेड तिच्या डोळ्यांवर येत होता म्हणून तिच्या तोंडावरून पदर ओढला.

तोच पदर. तासभर नाकावर बांधलेला, मिरचीची धूळ पिऊन बसलेला, मी घाम पुसलेला पदर.

पोर अशी किंचाळली, की मालक पुढच्या खोलीतून दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावत आले. ओठ लाल, डोळ्यांतून पाणी, आणि दोन्ही हात तोंडासमोर हलवून "हाऽ हाऽ हाऽ!" तिला तिखट लागलं की ती असंच करायची. तोंड धुतलं, साखर दिली, लोणी लावलं. अर्ध्या तासात पोर गप्प झाली. मला वाटलं, सुटलो बाप्पा.

संध्याकाळी मी तिला जवळ घेतलं. ती माझ्याकडं आली, गळ्यात हात टाकला, आणि मी ब्लाऊजला हात लावला तशी मागं सरकली. छातीकडं बोट दाखवलं. "हाऽ!" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी साबण लावून धुतलं, तिच्या देखत धुतलं. गूळ लावला. तिनं बोटानं गूळ पुसून घेतला, चाटला आणि निघून गेली! दुपारी झोपेत हळूच लावून पाहिलं, तर झोपेतच ओठ घट्ट मिटले. वाटीत पिळून चमच्यानं पाजलं, तर थू थू करून थुंकली. मला कधी नव्हे ते तिच्यावर हात उगारावासा वाटला आणि लगेच रडू आलं. माझी छाती दाटून दगड झाली होती, गाठी आल्या होत्या, साधा पदर घासला तरी कळ यायची. आणि समोर ते काडीसारखं लेकरू भिंतीला टेकून बसलेलं, कोरडी पोळी चघळत. चघळलेली पोळी मग हगवणीतून जशीच्या तशी बाहेर.

वर आणखी लाइनीतल्या बाया अभिनंदन करायला येत होत्या! खरंच सांगते. कोणी म्हणायची, "बरं झालं बाई, तुझं आपोआपच सुटलं. मी तर कडुनिंब वाटून वाटून थकली होती." कोणी डोळा मारून म्हणायची, "मिरची लावली काय? हुशार आहेस." आमच्याकडं पोराचं अंगावरचं तोडायचं असलं की असलं काहीतरी लावायची रीतच होती, त्यामुळे मी मुद्दाम लावली असं सगळ्या धरूनच चालल्या. एकीला तर मी फाडकन बोलले, "तुमच्या पोरीचं तोडा तुम्ही, माझ्या पोरीचं मला चालू ठेवायचं आहे!" ती तोंड वाकडं करून गेली. लाइनीत बातमी, की गोवरानं पोर वाळली आणि आईचं डोकं फिरलं.

मालक बिचारे आपल्या परीनं करत होते. ते काचेची बाटली घेऊन आले, रबरी बुचाची. पोरीनं ती हातात घेतली, उलटी केली, सगळं दूध जमिनीवर सांडलं आणि टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "अवं, नाई पीत तर नाई पीत. किती दिवस मागं लागशीन तिच्या?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी काय सांगितलं, ऐकलं नाही काय तुम्ही? ती दुसऱ्या कशावर जगून राहिली ते सांगा मले." त्यांनाही दिसत होतं. आंघोळ घालताना तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, मोजायचा धीर कोणाला होत नव्हता.

आणि मग दूध कमी होऊ लागलं. आधी छाती दुखायची म्हणून रडायची, आता दुखेना म्हणून घाबरले. वाटीत पिळायला बसले तर तळ झाकण्यापुरतंही येईना. हे आटलं तर संपलं. पोरीचं मन उद्या वळलं, तरी तिला द्यायला माझ्याकडं काही उरणार नाही.

हे मी शेजारच्या सुनेला भिंतीवरून सांगितलं. सांगता सांगता हुंदका आला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तिची सासू देवळात पोथी ऐकायला गेल्यावर, ती आपलं लेकरू काखेत घेऊन माझ्या मागच्या दारात उभी.

"ताई, याले घ्या."

"काय?"

"घ्या म्हणते ना. तुमचं दूध आटणार नाई. अन् तुमची पोट्टी पाहीन की आपल्या आईजवळ दुसरंच कोणी बसलं, तर आग लागीन तिच्या अंगाची. धावत येईन, पाहा."

मी म्हटलं, "वेडी झालीस काय? तुझ्या सासूले कळलं तर?"

"पोथी चार वाजेपर्यंत चालते."

मला मोह पडला, पण भीतीही वाटली. ह्यांच्या घरी आमच्या नळाचा थेंब चालत नाही, आणि मी त्यांच्या नातवाला अंगावर घ्यायचं? उद्या त्याला साधी शिंक आली तरी माझं नाव. पण तिनं वाट पाहिलीच नाही. लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. ते आपलं तोंड शोधत वळलं आणि लागलं प्यायला. त्याला काय, आई कोण आणि शेजारीण कोण!

आधी काहीच आलं नाही. ते कुरकुरलं, डोकं आपटलं. मग छातीत सुया टोचल्यासारखं झालं आणि पान्हा आला. आला! मी ओठ चावून बसले, नाहीतर भोकाड पसरलं असतं.

माझी पोर पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर चमचा आणि वाटी वाजवत बसली होती. तिनं पाहिलं. वाजवणं थांबलं. सून माझ्या कानात म्हणाली, "पाहा आता." पोर उठली आणि लटपटत धावत आली. पण राग नव्हता तिच्या तोंडावर. ती घाबरली होती. तिनं बाळाचा पाय धरून ओढला आणि त्याच्या तोंडासमोर दोन्ही हात हलवून ओरडली, "हाऽ! हाऽ! हाऽ!"

ती त्याला सांगत होती, की तिखट आहे, पिऊ नको.

बाळ काही ऐकेना. तशी ती वळली, कोपऱ्यातल्या पाटावर तिचा छोटा पेला पाण्यानं भरून ठेवलेला असायचा तिथं गेली, आणि दोन्ही हातांनी पेला धरून सांडत सांडत परत आली. तिखट लागलं की आपल्याला पाणी देतात, एवढं तिला समजत होतं. तिनं पेला बाळाच्या तोंडाशी नेला. पाणी त्याच्या गालावर, मानेवर, माझ्या लुगड्यावर. मी तिला आवरायला हात पुढं केला, आणि दारात सावली पडली.

म्हातारी उभी होती. पोथी त्या दिवशी लवकर सुटली होती, आणि घरात कोणी दिसलं नाही म्हणून ती शोधत आली होती.

सुनेच्या तोंडावरचा रंग उडाला. मला उठता येईना, लेकरू अजून पीतच होतं. माझ्या डोक्यात एकच. दूध तर दूध, वर आमच्या घरचं पाणी तिच्या नातवाच्या गालावरून ओघळून राहिलं आहे. आता ही काय काय बोलेल? बोलली तर मीही सोडणार नाही, असं म्हणून मी छाती घट्ट केली.

म्हातारी उंबरा ओलांडून आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खाली बसली आणि माझ्या पोरीच्या हातातून हळूच पेला काढून घेतला.

"पाणी नको देऊ त्याले, माय. लहान आहे तो. पोट दुखन त्याचं."

पोरीनं माझ्या छातीकडं बोट दाखवून तिला बजावलं, "हाऽ!"

"काय म्हणून राहिली हे?" म्हातारीनं मला विचारलं.

मी सांगितलं. मिरचीचा पदर, पोरीचं किंचाळणं, सगळं. "तवापासून शिवत नाई मले. गोवरानं अशी झाली, अन् दुसरं काही पोटात टिकत नाई," एवढं म्हणेपर्यंत माझा आवाज फाटला. जिच्यासमोर कधी मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं, तिच्यासमोर मी ढसाढसा रडले.

ती माझ्याकडं पाहत नव्हती. पोरीच्या हातांकडं पाहत होती. काटक्याच त्या.

तेवढ्यात बाळानं तोंड सोडलं आणि हनुवटीवरून दुधाचा ओघळ खाली आला. म्हातारीनं आपल्या बोटानं तो टिपला आणि बोट माझ्या पोरीच्या ओठाला लावलं.

"पाह्य बरं. हाऽ आहे काय?"

पोरीनं डोळे मोठे केले. हात तोंडासमोर तयार ठेवले. जीभ बाहेर काढून ओठ चाटला. थांबली. मग म्हातारीकडं पाहून विचारलं, "हाऽ?"

"नाई वं. गोड आहे."

पोरीला पटलं नाही. पण ती पळालीही नाही. म्हातारीनं नातवाला उचललं, देवळात जायचं धुवट लुगडं नेसली होती त्याच्याच पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि निघाली. मागं सून, मान खाली घालून.

मी भिंतीला कान लावून बसले. आमची मोरी आणि त्यांची मोरी पाठीला पाठ. आता घंघाळात पाणी पडेल, लेकराला आंघोळ घालेल, सुनेला बोल बोल बोलेल. बराच वेळ बसले. पाणी पडलं नाही. घंटी वाजली, म्हणजे म्हातारी दिवाबत्तीला बसली होती. लुगडं बदलायचं तर आधी आंघोळ केली असती, आणि पाणी तर पडलंच नव्हतं.

सकाळी नळावर गेले. माझी बालटी भरली. म्हातारीनं राख घेतली, तोटी घासली, धुतली. नेहमीसारखी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ही बाई आहे का कोण आहे? काल पदरानं पुसलंस, आणि आज हे?

पण दुपारी ती माझ्या मागच्या दारात उभी, नातवाला घेऊन.

"घे वं. काल अर्धाच उठला तो."

मी घेतलं. काय करणार? ती उंबऱ्यावर बसली, कापूस काढला आणि वाती वळू लागली. माझी पोर तिच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली. बाळ पीत होतं, पोर टक लावून पाहत होती आणि मधूनमधून म्हातारीला विचारत होती, "हाऽ?" म्हातारी मान वर न करता म्हणायची, "नाई." दोन वाती वळून होत नाहीत तर पुन्हा, "हाऽ?" "नाई वं माय."

असं रोज चाललं. दुपारी बाळ यायचं, म्हातारी वाती वळायची, आणि पोर दर दिवशी थोडी पुढं सरकायची. एकदा तिनं बाळाच्या हनुवटीवरचा थेंब स्वतः बोटानं पुसून चाटला. एकदा माझ्या ब्लाऊजला बोट लावून ते हुंगलं. मला वाटायचं, धरावं आणि लावावं. म्हातारीला कळायचं. "घाई नको करू," म्हणायची. "भ्यालेलं लेकरू आहे, येईन आपल्या पायानं."

आणि सकाळी राख. मी जीभ दातांखाली दाबून उभी राहायची. एरवी मी ऐकवलं असतं, की तुमचा नातू माझ्या अंगावर पितो आणि माझ्या बालटीचा विटाळ होतो काय? पण पोर अजून प्यायली नव्हती. म्हातारी रागावली आणि दुपारी आली नाही, तर? पोरीसाठी मी ते सगळं गिळलं. आयुष्यात इतकं कधी गिळलं नसेल.

मग एका दुपारी बाळ डावीकडं पीत होतं. पोर उजवीकडून आली. उभ्या उभ्याच तोंड लावलं आणि चटकन मागं घेतलं. हात तोंडासमोर. जळजळ होते का म्हणून वाट पाहत राहिली. झाली नाही. तिनं म्हातारीकडं पाहिलं. म्हातारी पहिल्यांदा वाती सोडून मान वर करून बसली होती, पण "नाई" म्हणाली नाही. पोरीनं पुन्हा तोंड लावलं.

आणि प्यायली. मांडीवर चढून, डोळे मिटून, हावऱ्यासारखी. पिता पिता तिनं बाळाचा पाय हातात धरून ठेवला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, त्या दोघांच्या डोक्यांवर पडू लागल्या. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता, हे मी आज स्पष्ट सांगते.

"रडून नको राहू आता," म्हातारी म्हणाली. तिचा आवाजही काही धड नव्हता. मग वाती गोळा करता करता म्हणाली, "उजवं तिचं, डावं त्याचं. उगीच भांडण नको."

मला वाटलं, आता बाळ आणायचं बंद होईल. काम झालं. पण पोर मोठी लबाड. बाळ असलं तरच प्यायची. ते नसलं की छातीकडं संशयानं पाहायची. तिची खात्री एकच, बाळ पितं म्हणजे तिखट नाही. म्हणून म्हातारी येत राहिली. वैशाखाचं ऊन, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, आणि ही बाई नातवाच्या डोक्यावर पदर धरून रोज दुपारी ती ओलांडायची.

पण लाइनीत असलं काही लपतं काय? एका सकाळी नळावर चार बाया होत्या. मी बालटी भरून बाजूला झाले होते, म्हातारी राखेनं तोटी घासत होती, सून गुंड घेऊन मागं उभी होती. म्हातारीच्या जातीतलीच एक बाई, कपाळभर कुंकू लावणारी, मोठ्यानं म्हणाली, "काय वो आजी, तोटी तर रोज घासता. नातू मात्र रोज दुपारी तिकडं दूध पिऊन राहिला म्हणतात. कसं काय जमवता बाप्पा?"

मी पोरीला कडेवर घट्ट धरलं. तिच्या गालांवर आत्ता कुठं थोडं मांस आलं होतं. मला कळत होतं, की ह्या बाईसमोर म्हातारी आता मान खाली घालेल, आणि आज दुपारी कोणी येणार नाही. आणि मला तिला दोषही देता आला नसता. ज्या लोकांत राहायचं, लेकीबाळींची लग्नं करायची, त्या लोकांसमोर कोण काय बोलणार?

म्हातारीनं तोटी धुतली. शांतपणे. मग वळून म्हणाली, "आमच्या सुनेले दूधच पुरत नाई. मंग काय करू? लेकराले उपाशी मारू? हिनं उपकार केले म्हणून जगून राहिलं ते."

कुंकवाची बाई सुनेकडं पाहू लागली. सुनेनं झटकन पदर ओढून घेतला. सकाळचं लेकरू पिऊन झोपलं होतं, आणि तिच्या ब्लाऊजवर पुढून दोन्हीकडं हे एवढाले ओले डाग होते. भिंतीपलीकडं तुळस डवरून उभी होती. त्या लेकराला माझ्या दुधाची काही एक गरज नव्हती. हे मला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, आणि म्हातारीला तर आमच्या दोघींहून जास्त माहीत होतं.

म्हातारीनं गुंड भरला, सुनेच्या डोक्यावर चढवून दिला आणि तिला पुढं घातलं. माझ्या बाजूनं जाताना माझ्या पोरीचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं, भाजीवाल्याकडची काकडी पाहावी तसं.

"अजून भराचं आहे," म्हणाली. "दुपारी आणतो त्याले."